शुक्रपेशीचे पोहणे आणि माणसाची मळसूत्रे

गेल्या वर्षी एका सार्वजनिक वाचनालयात प्रस्तुत मालेतील काही जुन्या पुस्तिका चाळीत बसले असता, प्राण्यांच्या पुनरुत्पत्तीवरील एका पुस्तिकेची मधली चार पाने एकमेकांस चिकटलेली आढळली. प्रथम वाटले, पावसाळ्याची ओल लागली असावी. परंतु कडा निरखून पाहिल्यावर ध्यानी आले की, हे काम खळीचे आहे, आणि ते कोणी तरी मोठ्या निगुतीने केलेले आहे. त्या पानांवर शुक्रपेशीची एक रेखाकृती व तिच्या पुच्छाच्या हालचालीचे दीड पानी वर्णन होते. त्यात आक्षेप घ्यावा असे अवाक्षरही नव्हते, हे मी खात्रीने सांगू शकते; कारण ते भाषांतर तपासण्याचे काम माझ्याकडेच आले होते.

खळ लावणाऱ्या त्या अज्ञात हाताविषयी माझ्या मनात राग नाही. मुलांच्या हिताच्या समजुतीनेच त्याने ते केले असणार. शाळांतूनही वेगळे काय घडते? तो धडा आला की, ‘हा घरी वाचून या’ असे सांगून पुढचा धडा उघडण्यात येतो, आणि घरी तो कोणीच वाचीत नाही. परंतु ज्याला आपण लाजिरवाणे म्हणून झाकतो त्याचा बराचसा भाग निखळ पदार्थविज्ञानाचा आहे, आणि गेल्या काही वर्षांत त्याच पदार्थविज्ञानातून यंत्रांची एक नवी जात जन्मास आली आहे. ती पाने न वाचल्याने वाचकाचे नेमके काय गेले, हे सांगणे मला म्हणूनच अगत्याचे वाटते.

हा संकोच काही आपलाच नाही. तो या विषयाच्या जन्माबरोबरच जन्मला. हॉलंडमधील डेल्फ्ट गावी आंतोन व्हान लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी राहत असे. आपल्या हातांनी घासलेल्या इवल्याशा भिंगांतून जग पाहण्याचा त्याला नाद होता. १६७७ साली लायडनचा योहान हाम नावाचा एक विद्यार्थी एका रुग्णाच्या वीर्याचा नमुना घेऊन त्याच्याकडे आला, व त्यात शेपूट असलेले सजीव कण हिंडताना दिसतात असे त्याने सांगितले. लेव्हेनहूकने ते पाहिले. पुढे स्वतःच्या नमुन्यातही पाहिले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यात लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष लॉर्ड ब्राउंकर यांना पत्र धाडले. पत्रात शास्त्रीय वृत्तांताबरोबर दोन खुलासे आहेत. नमुना वैवाहिक जीवनातून मिळालेला असून आपण कोणतेही पाप केलेले नाही, हा एक. विद्वज्जनांस हे किळसवाणे अथवा निंद्य वाटल्यास पत्र प्रसिद्ध न करता दडपून टाकावे, हा दुसरा. सोसायटीने ते दडपले नाही. मात्र छापले ते लॅटिनमध्ये. लेव्हेनहूकला डच भाषेवाचून दुसरी भाषा येत नव्हती. म्हणजे शुक्रपेशीविषयीचा हा छापील वृत्तांत त्याच्या कर्त्यालाच वाचता येत नव्हता! भाषांतरकाराच्या पेशातील माणसास ही गोष्ट चटका लावल्यावाचून राहत नाही.

शब्दांचा प्रश्न येथूनच सुरू होतो. मराठीत ‘शुक्रजंतू’ हा शब्द अद्याप पुष्कळांच्या तोंडी आहे. त्याला ऐतिहासिक आधार आहे, पण तो एका चुकीचा आहे. १८२७ साली कार्ल एर्न्स्ट फोन बेअर याने ‘स्पर्मॅटोझोआ’, म्हणजे वीर्यातील प्राणी, हे नाव योजिले, तेव्हा त्याची समजूत अशी होती की, हे वीर्यात वस्ती करून राहणारे परोपजीवी आहेत. गर्भधारणेशी त्यांचा काही संबंध असेल हे त्यास मान्य नव्हते. पुढे १८७६ साली ओस्कार हेर्टव्हिख याने सी-अर्चिन या काटेरी समुद्रजीवाच्या अंडपेशीत शुक्रपेशीचे केंद्रक शिरून तेथील केंद्रकाशी एकरूप होते हे दाखवून दिले, आणि या ‘जंतूं’चे खरे कार्य निर्विवाद झाले. असे असता आपण अजून ‘जंतू’ म्हणावे, म्हणजे बेअरचा प्रमाद मराठीत कायम करणे होय. शिवाय जंतू म्हटले की मुलांच्या मनात रोग येतो. प्रस्तुत लेखात मी ‘शुक्रपेशी’ हा शब्द वापरते, कारण ती शरीराची एक पेशीच आहे. फक्त शरीर सोडून प्रवासास निघणारी.

आता या प्रवासाकडे वळू. मानवी शुक्रपेशीची लांबी सुमारे पन्नास ते साठ मायक्रोमीटर. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. यांतले डोके अवघे पाच मायक्रोमीटरचे. बाकी बहुतेक सारे पुच्छच. हे पुच्छ सेकंदास दहा-वीस वेळा लहरते आणि पेशी तेवढ्या वेळात स्वतःच्या लांबीइतके, क्वचित त्याच्या दुप्पट, अंतर तोडते. हे वर्णन ऐकून मनात मासोळीचे किंवा पाणसापाचे चित्र उभे राहते. लेव्हेनहूकलाही ही हालचाल पाहून ईल मासाच आठवला होता. दिसण्यापुरते हे चित्र ठीक आहे, पण कारण पाहू गेल्यास ते साफ चुकीचे ठरते.

आपण विहिरीत पोहतो तेव्हा हात मारणे थांबविले तरी अंग दोन-तीन हात पुढे सरकते. आपण पाण्याला मागे लोटलेले असते आणि आपल्या वस्तुमानात गती साठलेली असते. हा जडत्वाचा गुण. पाण्याच्या अंगी दुसराही एक गुण आहे. त्याचे थर एकमेकांस धरून ठेवतात व मधून जाणाऱ्यास अडवितात. यास श्यानता म्हणतात. या दोहोंपैकी कोण वरचढ, हे वस्तूचे आकारमान, तिचा वेग आणि द्रवाचा दाटपणा यांवर अवलंबून असते. मँचेस्टरचे ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली नळीतील प्रवाहाचा अभ्यास करताना ज्या गुणोत्तराचा उपयोग केला, ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. विहिरीत पोहणाऱ्या माणसाच्या बाबतीत रेनॉल्ड्स अंक हजारो-लाखोंच्या घरात असतो. शुक्रपेशीच्या बाबतीत तो एकाच्या शंभराव्या भागाइतका, किंवा त्याहूनही कमी. याचा अर्थ असा की, तिच्या लेखी जडत्व नाहीच. आपल्याला पाणी जसे वाटते तसे ते तिला वाटत नाही; काकवीच्या पिंपात माणसाला सोडून हातपाय अगदी संथपणे हलविण्याची मुभा दिली, तर त्याची जी अवस्था होईल ती तिची नित्याची अवस्था आहे. अमेरिकेतील पदार्थवैज्ञानिक एडवर्ड पर्सेल यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या एका व्याख्यानात हिशेब मांडून दाखविले की, पोहणाऱ्या सूक्ष्मजंतूने अंगची शक्ती लावणे थांबविले तर तो एका अणूच्या व्यासाहूनही कमी अंतरात थांबतो. काल केलेल्या श्रमाचा आज उपयोग नाही, क्षणापूर्वीच्या श्रमाचाही नाही.

त्याच व्याख्यानात पर्सेल यांनी शिंपल्याचे उदाहरण दिले आहे. समुद्रातील एक शिंपला आपली दोन झाकणे हळूहळू उघडतो, मग झटकन मिटतो, व पाण्याची पिचकारी सोडून पुढे जातो. याच शिंपल्यास सूक्ष्म करून सोडा. झाकणे उघडताना तो जितका एका दिशेस सरकेल, तितकाच मिटताना उलट सरकून मूळ जागी येईल. उघडणे मंद आणि मिटणे वेगाचे असले तरी फरक पडत नाही. कारण जेथे जडत्व नाही तेथे वेगाला किंमत नाही, केवळ आकार कोणत्या क्रमाने बदलले यालाच किंमत आहे. जी हालचाल उलट क्रमाने पाहिली असता तशीच दिसते, ती तेथे व्यर्थ होय. होडीचे वल्हे पाण्यातून न उचलता नुसते मागेपुढे केले तर या जगात होडी जागची हलणार नाही.

तर मग शुक्रपेशी हलते कशी? एक काठी काकवीतून तिच्या लांबीच्या दिशेने ओढून पाहावी, आणि मग तीच आडवी धरून ओढावी. आडवी ओढताना अवरोध अधिक होतो. बारीक लांब तंतूच्या बाबतीत तो जवळजवळ दुप्पट असतो. शुक्रपेशीची सगळी युक्ती या एका फरकात आहे. पुच्छावरून लहर डोक्याकडून शेपटाच्या टोकाकडे जाते. लहरीतील प्रत्येक तुकडा तिरका असतो आणि आडवा सरकत असतो. आडव्या व उभ्या दिशांतील अवरोध असमान असल्यामुळे आडव्या हालचालीतून थोडासा जोर पुढच्या दिशेस उरतो. सर्व तुकड्यांच्या अशा उरलेल्या जोराची बेरीज म्हणजे पेशीची गती. आणि टोकाकडे जाणारी लहर उलट क्रमाने पाहिली तर ती डोक्याकडे येणारी दिसेल, म्हणजे हालचाल तशीच राहत नाही. शिंपल्याचा शाप तिला बाधत नाही. केंब्रिजचे जी. आय. टेलर यांनी १९५१ साली लहरणाऱ्या पत्र्याचे गणित मांडून या विचाराचा पाया घातला; १९५५ साली ग्रे आणि हँकॉक यांनी सी-अर्चिनच्या शुक्रपेशीवर वरील हिशेब प्रत्यक्ष करून दाखविला. टेलर यांच्या गणितातून आणखी एक सुंदर गोष्ट निघाली. दोन पुच्छे शेजारी शेजारी असली आणि त्यांच्या लहरी एकतालात आल्या, तर दोघांनाही द्रवात कमी श्रम पडतात.

येथे एक शंका येईल. पुच्छ हे आसुडासारखे आहे काय, की मुठीशी झटका दिला आणि लाट टोकापर्यंत गेली? १९५८ साली के. ई. मेचिन यांनी गणिताने दाखविले की, तसे असते तर लाट टोकाला पोहोचण्यापूर्वीच मरून गेली असती. जोर पुच्छाच्या सबंध लांबीभर उत्पन्न व्हावयास हवा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने याचा उलगडा केला. पुच्छाच्या गाभ्यात नऊ जोडनलिका वर्तुळाकार उभ्या असतात व मध्यभागी दोन सुट्या. १९५९ साली स्वीडनचे ब्यॉर्न आफ्झेलिअस यांना या जोडनलिकांवर ओळीने लहान लहान बाहू दिसले; १९६५ साली इयन गिबन्स यांनी त्या बाहूंच्या प्रथिनास ‘डायनीन’ हे नाव दिले. शेजारची नलिका पकडावी, खेचावी, सोडावी, असे हे बाहू एटीपी या इंधनावर अव्याहत करीत असतात. नलिका एकमेकींवरून घसरू पाहतात, पण बुडाशी बांधलेल्या असल्यामुळे घसरण्याऐवजी वाकतात. ते वाकणे म्हणजेच लहर. एका मोठ्या यंत्राऐवजी हजारो बारीक यंत्रे तंतूच्या अंगभर पेरलेली आहेत, हे वाचकाने मनात धरावे; पुढे त्याचे काम पडेल.

आता त्या सर्वपरिचित शर्यतीविषयी दोन शब्द. कोट्यवधी स्पर्धक निघाले, सर्वांत चपळ तो जिंकला, अंडपेशी स्वस्थ वाट पाहत बसली होती, अशी कथा पाठ्यपुस्तकांतून आणि चित्रपटांतून इतकी रूढ झाली आहे की, भाषांतर करताना लेखणी आपोआप तिकडे घसरते. एमिली मार्टिन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ साली एका निबंधात दाखवून दिले की, ही कथा विज्ञानातून आलेली नाही, स्त्री-पुरुषांविषयीच्या आपल्या रूढ कल्पनांतून आलेली आहे. वस्तुस्थिती तर शर्यतीच्या अगदी विपरीत आहे. गर्भाशयाची आकुंचने शुक्रपेशींस पुढे नेण्यास हातभार लावतात. शिवाय स्त्रीच्या शरीरात काही काळ राहिल्याखेरीज शुक्रपेशीस अंडपेशीत शिरण्याचे सामर्थ्य येतच नाही, हे १९५१ साली चँग आणि ऑस्टिन यांनी स्वतंत्रपणे दाखविले. तेव्हा जी सर्वांत आधी पोहोचते ती बहुधा अजून अपात्रच असते. ‘शर्यत’ हा शब्द माझ्यापुरता मी वर्ज्य केला आहे. मूळ लेखक वापरतो तेव्हा मात्र पंचाईत होते. अशा वेळी मी ‘प्रवास’ लिहून मोकळी होते, आणि संपादकांनी अद्याप तक्रार केलेली नाही.

माणसाला आपणही असे काही घडवावे ही बुद्धी केव्हा झाली? १९५९ साली रिचर्ड फाइनमन यांनी आपल्या एका व्याख्यानात मित्राची एक कल्पना सांगितली होती, की शल्यवैद्यच गिळून टाकता आला तर किती बरे! १९६६ साली हॉलिवुडने त्यावर ताण करणारा चित्रपट काढला. त्यात माणसांसकट एक पाणबुडी बारीक करून रक्तवाहिनीत सोडली होती. पाणबुडीचा पंखा आणि सुकाणू बारीक करून चालत नाही, त्या जगाचे नियमच निराळे आहेत, हे एव्हाना वाचकास कळले असेल. अभियंत्यांस मात्र ते आधी पचवावे लागले.

२००५ साली पॅरिसमधील संशोधकांनी चुंबकीय मण्यांची एक माळ केली. मणी डीएनएच्या धाग्यांनी गुंफले, माळेचे एक टोक तांबड्या रक्तपेशीस जोडले, आणि बाहेरून हलते चुंबकीय क्षेत्र लावले. माळ लहरू लागली व पेशीस घेऊन चालू लागली. शुक्रपेशीचे हे पहिले सूक्ष्म अनुकरण. २०१४ साली इस्लाम खलील आणि सार्थक मिश्रा यांच्या कैरो व नेदरलँड्समधील गटांनी बहुवारिकाचा ३२२ मायक्रोमीटर लांबीचा एक तरंगता देह केला, डोक्यास कोबाल्ट-निकेलचा मुलामा दिला, आणि सुमारे पाच मिलिटेस्लाहून कमी बळाच्या दोलायमान क्षेत्रात तो पोहविला. त्याच वर्षी इलिनॉय येथे एका लवचीक तंतूवर हृदयाच्या स्नायूपेशी वाढविण्यात आल्या. त्या धडधडू लागल्या आणि तंतू पोहू लागला.

परंतु आजवर अधिक यश शुक्रपेशीच्या अनुकरणास आले असे म्हणता येत नाही. ते मळसूत्रास आले. जीवाणूंच्या कशाभिका लहरत नाहीत, बुडाशी असलेल्या चक्रयंत्राने गरगर फिरतात, हे १९७३ मध्ये बर्ग आणि अँडरसन यांनी निदर्शनास आणले होते. २००९ साली झुरिक येथे ब्रॅडली नेल्सन यांच्या गटाने आणि हार्वर्ड येथे अंबरीश घोष व पीर फिशर यांनी, असे स्वतंत्रपणे मळसूत्री आकाराचे सूक्ष्म तरणयंत्र घडविले. घोष-फिशर यांची काचेची मळसूत्रे तर जेमतेम एक-दोन मायक्रोमीटर लांबीची होती. फिरते चुंबकीय क्षेत्र लावावे, मळसूत्र फिरते, आणि लाकडात स्क्रू शिरावा तसे ते द्रवात पुढे जाते. घोष पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. २०२२ साली त्यांच्या गटाने काढलेल्या दातांच्या नमुन्यांत ही मळसूत्रे दंतद्रव्याच्या सूक्ष्म नलिकांतून खोलवर नेली व तेथे ती चुंबकाने तापवून जीवाणू मारले. दाताच्या मुळाचा उपचार केल्यावरही अशा नलिकांत जीवाणू दडून राहतात, त्यामुळे या प्रयोगाचे मोल ओळखावे. तथापि वर्तमानपत्रांतील ‘रक्तातून धावणारे यंत्रमानव’ हे शब्द वाचून कोणी उद्याच दवाखान्यात विचारणा करू नये. आजतागायत या जातीचे कोणतेही तरणयंत्र रुग्णांच्या नित्य उपचारात नाही. रक्ताचा प्रवाह, ऊतींचा चिकटपणा, शरीराची प्रतिकारशक्ती, काम झाल्यावर यंत्र परत आणणे किंवा विरघळविणे, हे सर्व प्रश्न उभे आहेत.

‘यंत्रमानव’ या शब्दाविषयीही माझे गाऱ्हाणे आहे. यात मानव कोठे आहे? ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या चेक नाटकातून आला आणि त्याचा मूळ धातू वेठीच्या कामाचा वाचक आहे. ‘वेठबिगार’ हा शब्द या मळसूत्रांस चपखल बसला असता! कारण त्यांच्या अंगी स्वतःची शक्ती नाही. बाहेरचा चुंबक फिरवील तसे त्यांनी फिरावे. तंतूच्या अंगभर पेरलेली ती हजारो बारीक यंत्रे माणसाला अद्याप घडविता आलेली नाहीत. चुंबकाने हालणारी माळ आणि आपल्याच इंधनावर आपली लहर उठविणारे पुच्छ यांत जे अंतर आहे, ते झाकून ‘माणसाने कृत्रिम शुक्राणू बनविला’ असे लिहिणे मला अप्रामाणिक वाटते. ड्रेस्डेनच्या संशोधकांनी हे अंतर सरळ कबूल केले, म्हणून त्यांचे काम मला विशेष आवडते. पुच्छ बनविता येत नाही ना, मग बनलेलेच घ्यावे! २०१३ साली त्यांनी बैलाच्या शुक्रपेशी चुंबकीय धातूच्या पन्नास मायक्रोमीटर लांबीच्या नळ्यांत अडकविल्या. इंजिन पेशीचे आणि सुकाणू चुंबकाचे, अशी ती जोडी. २०१६ मध्ये त्याच्या उलट केले. ज्या शुक्रपेशी हलू शकत नव्हत्या, त्यांच्या पुच्छाभोवती धातूचा मुलामा दिलेले मळसूत्र बसवून त्या अंडपेशीपर्यंत नेल्या. हे सारे प्रयोगशाळेच्या तबकडीत घडले, शरीरात नव्हे.

आणि शिंपल्याचे काय झाले? २०१४ साली फिशर यांच्या जर्मनीतील गटाने खरोखरच उघडमीट करणारा एक सूक्ष्म शिंपला बनविला व तो पोहूनही दाखविला. पर्सेल खोटे ठरले काय? मुळीच नाही. पर्सेल यांचा नियम पाण्यासारख्या साध्या द्रवांचा. सांध्यांतील किंवा डोळ्यांतील द्रव तसे साधे नाहीत. वेगाने ढवळल्यास त्यांचा दाटपणा बदलतो. तेथे उघडणे आणि मिटणे यांचे वेग निराळे ठेवले की हिशेब बरोबर शून्य येत नाही. नियमाची चौकट ज्याला ठाऊक होती त्यालाच तीतून बाहेर पडण्याची वाट सापडली.

चौकट ठाऊक नसली म्हणजे काय होते, याचे उदाहरण २०२३ मध्ये घडले. क्योतो येथील केन्ता इशिमोतो व त्यांचे सहकारी यांनी शुक्रपेशी आणि एक हिरवे शैवल यांच्या पुच्छांच्या लवचीकतेवर निबंध लिहिला. जिवंत पुच्छ हे नुसती स्प्रिंग नसून आतून शक्ती ओतणारे आहे, म्हणून त्याच्या आतील भागांचे परस्परांवरील परिणाम सममित असत नाहीत, असे त्यांचे सूत्र. जगभरच्या वृत्तपत्रांनी मथळे दिले की, शुक्राणूंनी न्यूटनचा तिसरा नियम मोडला! वस्तुतः पेशी द्रवास जितके ढकलते तितकेच द्रव पेशीस ढकलतो, आणि टेलर-ग्रे यांचा सारा हिशेब याच समतोलावर उभा आहे. ज्या विद्यार्थ्याने ती चार पाने वाचली असती त्याने मथळा वाचून स्मित केले असते. ज्याच्यासाठी ती चिकटवून ठेवली, तो मथळ्यावर विश्वास ठेवण्यावाचून दुसरे काय करणार?

परंतु खळीची खरी किंमत विद्यार्थी भरीत नाही. माझ्या परिचयाच्या एका घरात अकरा वर्षे मूल झाले नव्हते. त्या काळात घरातील सुनेने नवस केले, सोमवार धरले, दोनदा शस्त्रक्रिया करवून घेतल्या, मंगळागौरीस व डोहाळजेवणास तिला बोलावणे हळूहळू बंद झाले. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी बाराव्या वर्षी झाली. ती होण्यास एक सूक्ष्मदर्शक आणि थोडा वेळ पुरतो. लेव्हेनहूकला जे दिसले तेच पाहावयाचे असते. अहवालात पेशींची संख्या यथायोग्य होती. हालचालीच्या रकान्यात शून्य होते. अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारण अंशतः वा पूर्णतः असते ही आज सर्वमान्य गोष्ट आहे, परंतु त्या घरात ती कोणी कधी ऐकलीच नव्हती. आफ्झेलिअस यांनीच १९७६ साली अशा काही पुरुषांचा वृत्तांत दिला, ज्यांच्या पुच्छांतील ते बारीक डायनीन-बाहू जन्मतःच नव्हते. त्यांची पुच्छे हलत नसत, आणि श्वासमार्गातील केसासारखे तंतूही हलत नसल्यामुळे त्यांना छातीचे विकार जडलेले होते. हा यंत्रातील बिघाड आहे. त्यात पौरुषाचा कमीपणा नाही आणि बायकोचा अपराध तर नाहीच नाही. १९९२ सालापासून तर एकच शुक्रपेशी बारीक सुईने अंडपेशीत सोडण्याची रीत उपलब्ध आहे, जिच्यापुढे पोहण्याचा प्रश्नच उरत नाही. त्या नवऱ्याने शाळेत असताना पुच्छाच्या हालचालीविषयी दीड पान वाचले असते, तर तो तपासणीस दहा वर्षे आधी गेला असता की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण ‘हालचाल’ हा शब्द डॉक्टरांनी उच्चारला तेव्हा त्याचा जो संताप झाला, तो बहुधा झाला नसता.

ज्या शिक्षकांस हा धडा वर्गात उघडणे जड जाते, त्यांनी काकवीपासून आरंभ करून पाहावा. बाजारात चावीचा मासा मिळतो, त्याचे शेपूट ताठ असून डावीकडे उजवीकडे हलते. तो एका परातीत पाण्यात सोडावा. तो ऐटीत पोहेल. मग तोच पुसून दाट काकवीच्या पातेल्यात सोडावा. तो शेपूट हलवीत जागच्या जागी डुलत राहील. यानंतर बोटाएवढ्या पोकळ नळीत पिळाचा रबर बसवून त्याच्या टोकास तारेचे तीन-चार वेढ्यांचे मळसूत्र जोडावे, आणि तेही काकवीत सोडावे. टेलर यांनी १९६०च्या दशकात शिक्षणासाठी काढलेल्या एका चित्रफितीत अशाच खेळण्यांचे प्रयोग दाट पाकात केलेले आहेत. रबर चांगला पिळून घ्यावा, नळी काकवीत पुरती बुडेल एवढे वजन तीत घालावे, आणि घाई करू नये. मळसूत्र फार सावकाश जाते. मुलांना आधी विचारावे की, दोघांपैकी कोण पुढे जाईल. बहुतेक मुले माशाचे नाव घेतील. मासा का अडला, हे त्यांनी विचारले की पुस्तिकेचे ते पान काढावे.